चौतीस तास

घुग्घुस
११ नोव्हेंबर २०२४

प्रणित,

पार्सल पोचलं. तू त्याला एवढी चिकटपट्टी गुंडाळली होतीस की उघडायला अर्धा तास गेला. नूरी म्हणाली, "किसीने बम भेजा क्या?" मी म्हटलं, तसंच समज. आतून तो लाल-पांढरा जपानी व्हिडिओ गेमचा डबा निघाला, अब्बांनी बनवलेला ट्रान्सफॉर्मर निघाला, आणि तुझ्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली कॅसेट.

चिठ्ठी मी उभ्याउभ्या वाचली आणि मग दुकानाचं शटर अर्धं ओढून बसून पुन्हा वाचली. "सेल मराले आला. दोनदा लावली तं साक्षीचं नाव दिसलं नाई, तिसऱ्यांदा दिसलं. तू एकदा बदलला होता, आताबी बदल. तिचा खेळ जाऊ नाई. फोन करू नको, तुया आवाज ऐकला तं भांडण होईन." अठरा वर्षांनी पत्र आलं आणि तेही दुरुस्तीचं. बरोबर आहे म्हणा, माझ्याकडे लोक दुसऱ्या कशासाठी येतात?

नूरीला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. आमच्या लग्नाआधीच्या गोष्टी मी तिला फारशा सांगितलेल्या नाहीत. म्हटलं, हा एक खेळ आहे, फक्त जपानात विकला गेलेला. त्यात एका मुलीला घेऊन गावोगाव हिंडायचं, लढायचं, लोकांशी बोलायचं. संपायला महिनोन् महिने लागतात. आपण कुठपर्यंत आलो ते कॅसेट लक्षात ठेवते, आणि ते लक्षात राहतं आतल्या रुपयाएवढ्या सेलच्या जिवावर. सेल संपला किंवा क्षणभर जरी निघाला तरी सगळं पुसलं जातं. मग तिने विचारलं, साक्षी कौन? मी म्हटलं, प्रणितची मोठी बहीण, काकूंची थोरली. आम्ही एका वर्गात होतो. सिकलसेलचा आजार होता, एकोणीस वर्षांची असताना गेली. ती जिथे खेळ सोडून गेली तिथेच तो अजून आहे आणि प्रणितने तो एकवीस वर्षं सांभाळलाय. नूरी उठून आत गेली. नंतर चहा करून आणला, मी न मागता.

सेल मोजला. तीन व्होल्ट असायला हवा, दोनच्या जरा वर आहे. काही आठवडे निघतील. हे काम मी घाईत करणार नाही, तू तगादा लावू नकोस.

काकू ऑगस्टमध्ये गेल्याचं आपल्या जुन्या दोस्ताकडून, सुनिलकडून, कळलं होतं. त्या दिवसांत पावसाने आलापल्लीच्या पुढचा रस्ता बंद होता, म्हणून तुझ्याकडे सिरोंच्याला पोचता आलं नाही. वाईट वाटून घेऊ नकोस.

जिशान


घुग्घुस
२० नोव्हेंबर २०२४

प्रणित,

आज मतदान, म्हणून दुकान बंद. बोटाला शाई लावून आलो आणि तुझं कार्ड वाचतोय. "काम झालं का? दिव्यानी रोज विचारून राह्यली, आत्याचा खेळ कधी येईन." तुझी मुलगी दहा वर्षांची झाली हे मला पोस्टकार्डावरून कळावं, ही आपली दोस्ती.

काम झालेलं नाही. डबा मात्र लावून पाहिला. घरातल्या नव्या टीव्हीवर तो चालेना, म्हणून माळ्यावरून अब्बांचा जुना टीव्ही काढला. चित्र तसंच वर सरकत राहिलं. मागचा स्क्रू फिरवला तसं थांबलं. आणि काळं-पांढरंच. जपानचा रंग आपल्या टीव्हीला कळत नाही, हे अब्बांनी आपल्याला किती वेळा समजावलं होतं. तरी तू आणि साक्षी त्या पोरीच्या झग्यावरून भांडायचात. तू म्हणायचास हिरवा. ती म्हणायची, "लाल हाये, मले दिसते."

सिमेंट कारखान्यात भट्टी बसवायला आलेला तो जपानी इंजिनिअर आठवतो? अब्बांनी त्याचा रेडिओ दुरुस्त केला म्हणून जाताना स्वतःच्या मुलाचा हा डबा आणि एक कॅसेट देऊन गेला. कॅसेट एकच, आणि तीही कुणी नाव न ऐकलेल्या खेळाची. मी दोन दिवसांत कंटाळलो. एक अक्षर वाचता येईना, नुसती माणसं बोलतायत आणि आपण बटणं दाबतोय. साक्षीला तेच आवडलं. दुखणं सुरू झालं की आठ-आठ दिवस तिला खाटेवरून उठता यायचं नाही. अब्बांनी डबा तुमच्याकडे नेऊन दिला आणि मला म्हणाले, "तुझसे ज़्यादा उसको ज़रूरत है." आठवी ते बारावी, पाच वर्षं ती तो खेळत होती, जेवढं काकू खेळू देतील तेवढं.

तिची ती दोनशे पानी वही. एकेक जपानी अक्षर चित्रासारखं काढायचं आणि समोर अंदाजाने अर्थ लिहायचा. "हे आलं की दुकान." "हे आलं की तो खोटं बोलून राह्यला." नाव लिहायची वेळ आली तेव्हा तिने दिसायला सुंदर अशी चार अक्षरं निवडली आणि म्हणाली, हे साक्षी. गावांना तिने आपल्याच जिल्ह्यांतली नावं दिली. जंगलातलं गाव एटापल्ली. नदीवरचं शेवटचं गाव सिरोंचा. ती चंद्रपूरच्या दवाखान्यापलीकडे कुठे गेली नव्हती. तुला सिरोंच्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नोकरी लागली असं सुनिलने सांगितलं तेव्हा मला वाटलं, हा मुद्दाम मागून घेऊन गेलाय. मागितली होतीस ना?

आणि काकू. हातातलं काम टाकून यायच्या, पडद्याच्या कोपऱ्यातले आकडे बघायच्या. त्या खेळात काकूंना तेवढंच वाचता यायचं, किती तास झाले ते. "एक तास झाला न बाप्पा, बंद कर आता." साक्षी म्हणायची, "पाच मिनटं, आई." दर वेळचं. मध्येच वीज गेली किंवा खेळातली पोरगी मेली की तो वेळ मोजणीत धरला जात नसे, म्हणून पाच वर्षांतही आकडा फार वाढला नाही.

शेवटी ती नदीवर अडकली. नावाडी काहीतरी विचारायचा, हो किंवा नाही दाबायचं. हो दाबलं तरी नेत नव्हता, नाही दाबलं तरी नेत नव्हता. आपण तिघांनी वर्षभर डोकी फोडली. ती नदीवरच राहिली.

दोन गोष्टी लिहायच्या आहेत. आज सुट्टी आहे आणि नूरी माहेरी गेली आहे, तेव्हा लिहून टाकतो.

एक. तू दुकानात आला होतास, २००६ साली. साक्षीच्या वाढदिवसाला काकू टीव्ही लावायच्या, पडद्यापुढे कोहळ्याच्या तळलेल्या गोड बोंडांचं ताट ठेवायच्या आणि मला बोलवायच्या. दोन वर्षं मी आलो, तिसऱ्या वर्षी आलो नाही. तू विचारायला आलास. "काऊन रे, आमच्या घरचं पाणी आता चालत नाई का तुले?" आणि मी गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "मेलेल्या माणसाला टीव्हीत कशाला ठेवता? बंद करा ते." सायकल घेतलीस आणि गेलास. ते मी मनापासून बोललो नव्हतो. तू पुन्हा येऊ नयेस म्हणून बोललो होतो. का, ते पुढच्या पत्रात लिहीन.

दोन. ऑगस्टमध्ये रस्ता सुरू होता. मी आलापल्लीच्या स्टँडपर्यंत आलो होतो. सिरोंच्याची गाडी समोर लागली होती, कंडक्टर ओरडत होता. मी चहा घेतला आणि उलट्या गाडीने परत आलो.

जिशान


घुग्घुस
२८ नोव्हेंबर २०२४

प्रणित,

हे पत्र एका दमात वाच. मध्येच फाडू नकोस.

तुझ्याकडे आहे तो साक्षीचा खेळ नाही.

साक्षीचा खेळ माझ्या हातून गेला. ती गेल्यानंतर सहाव्या दिवशी, सकाळी पावणेअकराला.

तूच कॅसेट डब्यासकट आणून दिली होतीस, चौथ्या दिवशी. तेव्हाही असंच झालं होतं, नाव एकदा दिसायचं, एकदा नाही. काकूंनी वहीपण दिली होती, "हेबी असू दे सोबत" म्हणून. अब्बांनी मला काम कसं करायचं ते सांगितलं होतं. जुना सेल काढण्याआधी बाजूने दोन पेन्सिल सेल जोडायचे, म्हणजे कॅसेटला कळतच नाही की काही बदललं. दोन पेन्सिल सेल, प्रणित. दुकानात डबाभर पडले होते. पण मी नुकताच आयटीआय करून आलो होतो. मी स्वतः बनवलेला, भिंतीतल्या विजेवर चालणारा सप्लाय लावला. अब्बांना दाखवायचं होतं की त्यांच्यापेक्षा मला जास्त कळतं.

लोडशेडिंग बारा वाजता असायचं. मी साडेदहाला बसलो. त्या आठवड्यात वेळापत्रक बदललं होतं, भिंतीवर नवा कागद लावलेला होता आणि मी तो वाचला नव्हता. जुना सेल काढून टेबलावर ठेवला, नवा हातात घेतला, आणि पंखा थांबला. सगळ्या राज्याला वीज देणारा आपला जिल्हा. पंखा थांबला की आपण सवयीने वर बघतो ना, तसं मी वर बघितलं. मग खाली हाताकडे बघितलं आणि कळलं.

दोन वाजता वीज आली. कॅसेट लावली. नावांचे तीन रकाने, तिन्ही रिकामे.

मला ती आवडायची. हे तुला माहीत होतं, काकूंना माहीत असणार, तिलाही माहीत होतं. त्यावर कुणी कधी काही बोललं नाही आणि बोलून काही होणारही नव्हतं. पण तिचं जे एक उरलं होतं ते माझ्याच हातात दिलं गेलं, आणि मी शहाणपणा करायला गेलो.

तेव्हाच सायकल काढून तुमच्याकडे यायला हवं होतं. आलोही होतो, गल्लीच्या तोंडापर्यंत. काकू ओट्यावर बसल्या होत्या. समोर परातीत ती गेली त्या दिवशी किसलेला कोहळा, काळा पडलेला, तरी त्यांनी टाकू दिला नव्हता. दवाखान्यात साक्षीने बोंडं मागितली म्हणून त्या करायला घरी आल्या आणि तेवढ्यात ती गेली, हे मला ठाऊक होतं. त्या बाईला मी काय सांगणार होतो? की उरलेलंही गेलं?

परत फिरलो आणि तिची वही उघडली. सगळं होतं त्यात. कुठल्या गावातून कुठे जायचं, कुणाशी बोलायचं, कुठला राक्षस कशाने मरतो. शेवटच्या नोंदीत तिने लिहिलं होतं: पातळी सत्तावीस, औषधी मुळ्या दोन, मोडकी किल्ली एक. ती किल्ली कुठेच लागत नव्हती तरी ती टाकत नव्हती. तेरवीला सात दिवस होते. मी दुकानाच्या मागच्या खोलीत बसलो. वीज असेल तेवढा वेळ खेळलो, नसेल तेव्हा वही पाठ केली. तीच चार अक्षरं लिहिली. तीच पातळी, दोनच मुळ्या, तीच किल्ली. एक मुळी जास्त झाली होती ती फेकून दिली. आणि नदीवर, नावाड्यासमोर, तिला तिच्यासारखं डावीकडे तोंड करून उभं केलं.

फक्त तास जुळले नाहीत. साक्षीचे एकसष्ट होते. ती अंदाजाने चालायची, मी तिच्या वहीने चाललो, माझे चौतीस झाले. वाढवायला तेवढी वीज नव्हती आणि दिवसही नव्हते. म्हटलं, कोपऱ्यातला आकडा कोण बघतंय.

अब्बा सगळे दिवस बघत होते. एकदाच बोलले. "झूठ के लिए इतनी मेहनत? सच तो दो मिनट का काम है." मी ऐकलं नाही.

तेरवीच्या दिवशी डबा, कॅसेट, वही, सगळं आणून दिलं. तू कॅसेट लावलीस. काकू टीव्हीसमोर बसल्या आणि किती तरी वेळ बघत राहिल्या. मग उठून माझ्या पाठीवर हात ठेवला. "लय तरास झाला न रे तुले." मला वाटलं, दुरुस्तीचं म्हणतायत. मी म्हणालो, "नाही काकू, दोन मिनिटांचं काम होतं."

त्यानंतर दोन वाढदिवस मी तुमच्या घरी बसलो. काकू ताट ठेवायच्या, हात जोडायच्या, आणि पडद्यावर मी उभी केलेली पोरगी. बोंड तोंडात फिरायचं, गिळवायचं नाही. म्हणून यायचं बंद केलं. म्हणून तुला तसं बोललो.

आता तू मला सेल बदलायला सांगतोस, साक्षीचा खेळ जाऊ नये म्हणून. मी न सांगता बदलू शकलो असतो, तुला कधीच कळलं नसतं. पण हे दुसऱ्यांदा माझ्याने होत नाही. काय करायचं ते तू सांग.

जिशान


घुग्घुस
१५ डिसेंबर २०२४

प्रणित,

सतरा दिवस झाले. पोस्टमन लटारू आता मला लांबूनच मान हलवून सांगतो की काही नाही. तुझं गप्प राहणं बरोबर आहे. मी असतो तर डोकं फोडायला आलो असतो.

सेल रोज मोजतो. आज दोनच्या खाली गेला. तुझ्या परवानगीशिवाय हात लावणार नाही, पण फार दिवस नाहीत, एवढंच कळवतो.

आणखी एक गोष्ट कळली. ती तुझ्याशिवाय कुणाला सांगू? नूरीला सांगून पाहिली, तिने ऐकली, पण तिने वर्षभर डोकं फोडलेलं नाही.

आपला तो खेळ इंटरनेटवर सापडला. जपानातही फार कुणी घेतला नाही म्हणे, कंपनी बुडाली, बाहेरच्या देशांत कधी आलाच नाही. पण जगात वेडी माणसं असतात. चार-पाच जणांनी मिळून, कुणी पैसे देत नसताना, अख्ख्या खेळाचं इंग्रजी केलंय. मी ते कॉम्प्युटरवर लावलं. प्रणित, रंगीत आहे. झगा लाल आहे. तिला कसं दिसत होतं कुणास ठाऊक.

तिची वही मला बरीचशी अजून पाठ आहे. तिचे निम्मे अर्थ चूक होते. "हा खोटं बोलून राह्यला" असं जिथे लिहिलं होतं तो बिचारा हवामान सांगत होता. तिने निवडलेल्या चार अक्षरांना काही अर्थ नाही. मला हसू आलं.

दुकान सांभाळून दोन आठवडे खेळलो आणि नदीवर पोचलो. नावाडी काय विचारतो ते वाचलं.

तो विचारतो, घरी सांगून आलीस का?

एवढंच. हो म्हटलं तर म्हणतो, नाही, तुझ्या तोंडावरून दिसतंय. नाही म्हटलं तर म्हणतो, मग आधी जाऊन सांगून ये. म्हणून तो कधीच नेत नव्हता. मागे फिरायचं असतं, सगळं जंगल, सगळी गावं ओलांडून अगदी पहिल्या गावात. तिथे त्या पोरीची आई दारात उभी असते. खेळ सुरू होताना आपण तिच्याशी एकदा बोललो आणि पुन्हा कधी गेलोच नाही. आपल्याला वाटलं, ती तेच तेच बोलत असणार.

मी अजून गेलो नाही. नदीवरच बंद केलं. आईशी बोलायचं बटण माझ्याने दाबवेना. काकू सहा वर्षांपूर्वीपर्यंत इथे घुग्घुसलाच होत्या, माझ्या दुकानापासून सायकलवर दहा मिनिटांच्या अंतरावर. तू त्यांना सिरोंच्याला नेलंस त्या दिवशीही सामानाचा टेम्पो माझ्या दुकानावरून गेला. त्या पुढे बसल्या होत्या. मी गिऱ्हाइकाचा रिमोट उघडून त्यात मान घातली.

त्यांना सांगायला हवं होतं. तुला सांगून मी मोकळा झालो असं वाटलं होतं, पण मोकळा झालो नाही. ज्यांना सांगायचं होतं त्यांना सांगितलंच नाही.

जिशान


घुग्घुस
२९ डिसेंबर २०२४

प्रणित,

वही मिळाली. चिठ्ठीही मिळाली. तुझं अक्षर रागात जास्त चांगलं येतं.

"तुयं पत्र वाचलं. आठ दिवस कोणाशी बोललो नाई. मंग वही काढली, जाळून टाकाची होती. शेवटच्या पानावर आईचं अक्षर दिसलं. मले बी आत्ताच सापडलं. तू पाह्य. मी अजून तुले माफ केलं नाई. सेल बदल. जे हाये तेच राहू दे."

शेवटचं पान मी दुकानात उघडलं नाही. घरी आलो, नूरीला जवळ बसवलं आणि तिलाच वाचायला दिलं. ती मराठी शाळेत शिकलेली नाही, अक्षर अक्षर लावत वाचते. त्यामुळे मला ते एकेक शब्द करून ऐकावं लागलं. तारीख तेरवीच्या दुसऱ्या दिवसाची आहे.

"साक्षीचे एकसष्ट होते. आता चौतीस हाये. जिशानच्या हातून गेलं वाटते. पोराने पुन्हा खेळला. चौतीस तास बसला माझ्या पोरीसाठी. प्रणितले सांगाचं नाई, तो चिडन. जिशान सांगाले येईन तवा त्याले जेवू घालाचं. बोंडं करीन."

नूरी थांबली आणि म्हणाली, "तो फिर आप गये क्यों नहीं?"

तिला काय सांगू? आकडा कोण बघतंय, असं मला वाटलं होतं. पाच वर्षं तेवढाच आकडा बघणारी बाई माझ्यासमोर बसली होती आणि मला वाटलं, कोण बघतंय. पाठीवर हात ठेवून तिने सांगितलंसुद्धा, लय तरास झाला न रे तुले. आणि मी म्हणालो, दोन मिनिटांचं काम होतं. दरवर्षी ती मला ताटापुढे हात जोडायला बोलवत नव्हती. मी सांगेन म्हणून बोलवत होती. मी सांगितलं असतं तर तिला कुणाशी तरी बोलता आलं असतं की पोरीचे एकसष्ट तास गेले. ते दुःख तिने एकटीने ठेवलं, तू चिडशील म्हणून आणि मी लाजेन म्हणून. मी फक्त माझी लाज सांभाळत होतो.

मी रडलो, प्रणित. तुझ्या बनियनला तोंड पुसलं, तोच हाताशी होता.

काल सेल बदलला. अब्बांच्या पद्धतीने, दोन पेन्सिल सेल बाजूने जोडून. इन्व्हर्टर असूनही भिंतीतली वीज त्या कामात घेतली नाही. सोल्डरिंग गनही बॅटरीवर चालणारी आणली. नूरी टॉर्च धरून उभी होती आणि श्वास सोडायला घाबरत होती. कॅसेट लावली. चार अक्षरं दिसली. नदी, नावाडी, डावीकडे तोंड करून उभी असलेली पोरगी. कोपऱ्यात चौतीस. दहा वेळा बंद करून चालू केली, दहाही वेळा दिसली. आणखी वीस वर्षं बघायला नको.

जे आहे तेच ठेवलंय. एक पाऊलही चाललो नाही.

नऊ जानेवारीला साक्षीचा वाढदिवस. मी सकाळच्या गाडीने निघेन. आलापल्लीला चहा घेणार नाही, सरळ सिरोंच्याच्या गाडीत बसेन. तू दार उघडलं नाहीस तर डबा ओट्यावर ठेवून परत येईन, त्याबद्दल तुला बोल लावणार नाही. येताना अब्बांचा टीव्हीही आणतोय, कारण तुझ्याकडचा टीव्ही नेमका त्या दिवशी रुसायला नको. आणि कोहळा इथूनच आणतो. बोंडं मला येत नाहीत, नूरीने कुणाला तरी विचारून लिहून घेतलंय. काकूंच्या हातची नसणार, पण ताट रिकामं नको.

टीव्ही लावलास की बटण दिव्यानीच्या हातात दे. तिला सांग, आत्या इथपर्यंत आली होती, आता पुढे तू ने. आधी नदीकडे पाठ करायची. जंगल लागेल, मग एटापल्ली, मग डोंगर. वाटेत कुणाशी बोलली नाही तरी चालेल. अगदी पहिल्या गावात जायचं आणि शेवटच्या घरापुढे थांबायचं.

आई दारातच उभी आहे. तिला सांगायचं.

जिशान